पुराच्या बोटीचे इंजिन जुने असू द्या, पण चालते ठेवा

पावसाळा तोंडावर आला की जिल्ह्याजिल्ह्यांत आपत्ती व्यवस्थापनाच्या आढावा बैठका होतात. किती बोटी, किती लाइफ जॅकेट, किती दोर, किती शोधदिवे, अशी यादी वाचली जाते. यादीतल्या वस्तू बहुधा गोदामात असतातही. पण बोट असणे आणि बोट चालणे यांत अंतर असते. हे अंतर पडते ते बोटीच्या मागच्या फळीला अडकवलेल्या इंजिनामुळे. बचावकार्यातली माणसे त्याला ‘ओबीएम’ म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर. आठ-दहा ते पंचवीस-तीस अश्वशक्तीचे, दोरी ओढून सुरू होणारे, बऱ्याच ठिकाणी टू-स्ट्रोक आणि बऱ्याच ठिकाणी दहा-पंधरा वर्षे जुने. यादीत ते एक नग म्हणून मोजले जाते. पाण्यात उतरवून शेवटचे कधी चालवले होते, हे विचारण्याची पद्धत नाही. परभणीसारख्या गोदाकाठच्या जिल्ह्याने नव्या खरेदीच्या आधी ही पद्धत पाडावी, असे माझे म्हणणे आहे. हाताशी असलेली जुनी इंजिने स्थानिक कारागिरांकडून दुरुस्त करून घ्यावीत, जुळवून घ्यावीत आणि वर्षभर अधूनमधून पाण्यात चालवावीत. पुराची पूर्वतयारी म्हणून यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा उपयोगी काम दुसरे क्वचितच सापडेल.

आधी परभणीचा पूर कसा असतो ते पाहू, कारण इंजिनाची गरज त्यावरून ठरते. गोदावरी पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांच्या काठाने किंवा त्यांच्यामधून जाते. तिची पातळी इथल्या पावसावर जितकी, तितकीच वरच्या धरणांतून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. पैठणचे जायकवाडी वर आहे. माजलगाव धरणाचे पाणी सिंदफणेतून मंजरथला गोदावरीत येते. जिल्ह्यातच ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, डिग्रस असे बंधारे आहेत. उत्तरेकडून येलदरीखालची पूर्णा आणि सेलूकडची दुधना येते. दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. सप्टेंबर २०२५च्या अखेरीस जायकवाडी आणि माजलगाव ही दोन्ही धरणे एकाच वेळी मोठे विसर्ग सोडत होती, तेव्हा गोदाकाठच्या गावांना पाण्याने वेढा घातला. गोदावरी तुडुंब असली की तिला मिळणारे ओढे-नाले पुढे सरकू शकत नाहीत. ते मागे फुगतात, पूल बुडतात आणि गावाचा रस्ता तुटतो. काळ्या मातीच्या सपाट रानात हे पाणी मैलभर पसरते. कुठे ते कमरेएवढे असते तर कुठे डोक्यावरून जाते. खाली सोयाबीन, कापूस, ऊस उभा असतो, कुंपणाच्या तारा असतात, बांधाचे दगड असतात. अशा पाण्यात मोठी, जड बोट निरुपयोगी ठरते. तिथे हवी असते दोघा-चौघांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरवता येईल अशी हलकी बोट, आणि तिला एका माणसाने उचलून लावता येईल असे छोटे इंजिन. यादीतली लहान जुनी ओबीएम नेमकी याच मापाची आहेत.

कोणी म्हणेल, पूर आला की एनडीआरएफ येते, एसडीआरएफ येते, मग जिल्ह्याने इंजिनांच्या मागे का लागावे? ही दले उत्तम काम करतात, यात शंका नाही. पण एनडीआरएफची महाराष्ट्रातली बटालियन पुण्याजवळ आहे आणि राज्याचे एसडीआरएफ धुळे व नागपूर इथे आहे. पुणे ते परभणी हे अंतर रस्त्याने चारशे किलोमीटरच्या घरात जाते. भर पावसात, तुटलेल्या पुलांच्या काळात ते किती तासांचे होईल हे सांगता येत नाही. शिवाय मराठवाड्यात पूर येतो तेव्हा तो एकाच जिल्ह्यात येत नाही. २०२५च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, नांदेड, परभणी आणि शेजारचे सोलापूर अशा अनेक ठिकाणांहून एकदमच हाक येत होती. त्याआधीच्या महिन्यात, १७-१८ ऑगस्टच्या रात्री, शेजारच्या नांदेडमधल्या मुखेड तालुक्यात हसनाळ आणि आजूबाजूच्या गावांत झोपेच्या वेळी पाणी शिरले. माणसे दगावली. एसडीआरएफला आणि लष्कराला पाचारण करावे लागले. दले रस्त्यावर असताना गावात जे तास जातात ते बाहेरचा कोणी भरून देऊ शकत नाही. त्या तासांत गावाजवळ काय आहे आणि ते सुरू होते की नाही, एवढेच कामाचे.

आता मुख्य मुद्दा. जुने इंजिन ऐन वेळी सुरू होत नाही, याचा दोष त्याच्या वयाला देण्याची आपल्याला सवय आहे. पुरावा मात्र दुसरीकडे बोट दाखवतो. मालवण, देवगड, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर छोट्या होड्यांना आउटबोर्ड लावून रोज मासेमारी चालते. तिथले पाणी खारे आहे; ते ॲल्युमिनियम खाते, बोल्ट जाम करते, थंडाव्याच्या वाटा क्षाराने बुजवते. तरीही वर्षानुवर्षे वापरलेली इंजिने तिथे पहाटेच्या अंधारात दोन-तीन ओढींत सुरू होतात, कारण ती काल चालली होती आणि परवाही चालली होती. गोदावरीचे पाणी गोडे आहे. इथे क्षाराचा त्रास नाही. त्या हिशेबाने परभणीतले इंजिन कोकणातल्या इंजिनापेक्षा जास्त टिकायला हवे. ते टिकत नसेल, तर त्याचे कारण अकरा महिने पडून राहणे हे आहे. वय झाले म्हणून इंजिन निकामी होते ही समजूत गैरसोयीचीही नाही, कारण तिचे उत्तर नवी खरेदी हे असते आणि खरेदी करणे सोपे असते. पडून राहिल्याने ते बिघडते हे मान्य केले, तर कोणाला तरी दर दोन-तीन महिन्यांनी हात काळे करावे लागतात.

पडून राहिल्याने नेमके काय होते, हे समजून घेतले तर दुरुस्तीची भीती निम्मी कमी होईल. पहिला बळी पेट्रोलचा. गेल्या पावसाळ्यात टाकीत आणि कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेले पेट्रोल उन्हाळ्यात हळूहळू उडून जाते आणि मागे चिकट, पिवळसर थर ठेवते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर मिसळलेले ऑइलही मागे राहते, ते या थरात भर घालते. कार्बोरेटरमधला स्लो जेट केसाएवढ्या भोकाचा असतो. त्यात हा थर बसला की इंजिन चोकवर दोनदा फुरफुरते आणि बंद पडते, किंवा फक्त भर रेसमध्ये चालते आणि वेग कमी केला की मरते. आता देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. साखर कारखान्यांच्या आणि ऊस उत्पादकांच्या दृष्टीने हे धोरण चांगलेच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, आणि ओल एका मर्यादेपलीकडे गेली की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. इंजिनाची नळी पेट्रोल तळातूनच उचलते. ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहिलेले असते, म्हणून तळातून जे उचलले जाते त्यात वंगण नसते. असे इंजिन नशिबाने सुरू झालेच, तरी थोड्या वेळात पिस्टन सीझ होण्याची भीती असते. जुन्या इंजिनातले रबरी पाइप, प्राइमर बल्ब आणि पेट्रोल पंपाचा पडदा हेही इथेनॉल गृहीत धरून बनवलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, हवा आत घेतात. म्हणून पावसाळा संपताना टाकी पूर्ण रिकामी करणे आणि कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकणे, या अर्ध्या तासाच्या कामाने पुढच्या वर्षाचे निम्मे बिघाड टळतात.

दुसरा प्रश्न करंटचा. प्लग काढून, त्याची बॉडी इंजिनाला टेकवून दोरी ओढली की निळी ठिणगी दिसली पाहिजे. मात्र आधी पेट्रोलची नळी काढून ठेवावी आणि प्लगच्या भोकापासून ती ठिणगी दूर ठेवावी. ठिणगी पिवळी, मंद असेल किंवा नसेलच, तर आधी प्लग बदलून पाहायचा, मग तपासायचा तो बंद करण्याचा स्विच. आउटबोर्डला चालकाच्या मनगटाला बांधायची एक दोरी असते. चालक पाण्यात पडला की ती निघते आणि इंजिन आपोआप थांबते. या स्विचमध्ये गंज किंवा चिखल गेला की इंजिन जणू कायमच बंद केलेले राहते, आणि लोक कॉइल बदलायला धावतात. जुन्या पॉइंटवाल्या इंजिनात फ्लायव्हीलखालचे पॉइंट दमट गोदामात काळे पडतात. बारीक पॉलिश पेपरने पुसून अंतर पुन्हा लावले की ठिणगी परत येते. हे सर्व परभणीतल्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला तोंडपाठ आहे. त्याला नवे वाटेल ते पुढचे, म्हणजे पाणी.

मोटरसायकलचे इंजिन हवेने थंड होते. आउटबोर्ड नदीचेच पाणी ओढून थंड होते. खालच्या भागात, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या थोडे वर, एक छोटे रबरी चक्र फिरते. त्याला इम्पेलर म्हणतात. त्याच्या पाकळ्या घरात मुडपून बसवलेल्या असतात. इंजिन महिनोन्महिने हलले नाही की त्या मुडपलेल्या अवस्थेतच कडक होतात, मग चक्र फिरते पण पाणी चढत नाही. इंजिनाच्या मागून बारीक पिचकारी उडते ती पाणी चढत असल्याची खूण. ती दिसली नाही तर इंजिन तत्काळ बंद करायचे असते. इम्पेलर कोरडा फिरला तर मिनिटभरातही फाटू शकतो, म्हणून ‘सुरू होते का बघू’ म्हणत गोदामात जमिनीवर ठेवून इंजिन चालवणे हा स्वतःहून केलेला बिघाड आहे. गोदावरीच्या पुराचे पाणी गाळाने जड असते. तो गाळ इम्पेलरच्या कडा घासतो आणि थंडाव्याच्या अरुंद वाटांत बसून सुकतो. समुद्राकाठी क्षार काढण्यासाठी इंजिन गोड्या पाण्याने धुतात. आपल्याकडे गाळासाठी तेच करायला हवे, आणि तेही पूर ओसरला त्याच आठवड्यात, कारण एकदा वाळलेला गाळ नुसत्या पाण्याने निघत नाही. इंजिनाच्या याच खालच्या भागातले गिअर ऑइल पाहण्याचीही सवय हवी. ते दुधाळ झाले असेल तर सील फाटून पाणी आत गेले आहे. दुरुस्ती स्वस्त असते. दुर्लक्षाची किंमत अख्खा गिअरबॉक्स. पंख्याच्या दांड्यात बऱ्याच लहान इंजिनांत एक मऊ पिन असते. पंखा बांधाच्या दगडावर किंवा तारेत आदळला की ती तुटते आणि गिअर वाचतो. ती तुटण्यासाठीच असते, म्हणून बोटीत तशा जास्तीच्या पिना आणि एक पक्कड नेहमी हवी. घाईत तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकला तर पुढच्या दगडाला गिअरच तुटतो, आणि तोही प्रवाहाच्या मध्यावर.

इंजिन सुरू होणे आणि इंजिन जुळणे यांतही फरक आहे, आणि जुन्या यंत्राच्या बाबतीत हा फरक जिवावरचा ठरू शकतो. स्लोचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत फिरवून साधारण दीड फेरा बाहेर आणणे ही सुरुवात. तेवढ्यावर थांबता येत नाही. इंजिन पाण्यात, गिअरमध्ये, दहा मिनिटे गरम करून मगच स्क्रू थोडाथोडा आत-बाहेर करायचा असतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडले की इंजिन कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखे करते. जास्त झाले की धूर टाकत जड चालते. या दोहोंच्या मधली जागा शोधायची आणि किंचित पेट्रोल जास्तीच्या बाजूला थांबायचे. का, तर टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमधूनच येते, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. त्यानंतर एकदम रेस देऊन पाहायची. अडखळले तर जुळणी पूर्ण नाही. पिंपात उभे करून केलेली जुळणी फसवी असते. पिंपातले पाणी धुराने फेसाळते, पंख्याला खरा भार मिळत नाही, आणि तिथे गोड चालणारे इंजिन चार माणसे बसलेली बोट ओढताना दम तोडते. म्हणून चाचणी जलाशयातच हवी. उन्हाळ्यात गोदावरीचे पात्र कोरडे पडले तरी बंधाऱ्यांच्या फुगवट्यात, येलदरीत किंवा गंगाखेड तालुक्यातल्या मासोळीच्या जलाशयात त्यासाठी पुरेसे पाणी मिळू शकते.

हे काम करणार कोण, असा प्रश्न येतो, आणि इथेच परभणीची खरी ताकद आहे असे मला वाटते. टू-स्ट्रोक यंत्र ही आपल्याकडे परकी गोष्ट कधीच नव्हती. लूना, राजदूत, बजाजची स्कूटर, आरएक्स-१००, टीव्हीएसची एक्सएल मोपेड या गाड्यांवर मराठवाड्यातल्या मेकॅनिकांच्या दोन पिढ्या घडल्या. आजही कापसावर आणि तुरीवर फवारणी करणारे पाठीवरचे पेट्रोलवर चालणारे पंप बरेचसे टू-स्ट्रोकच असतात. एक लिटर पेट्रोलला चाळीस मिली ऑइल की वीस, हा हिशेब मानवत, जिंतूर, सेलूच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला रोज करावा लागतो. फवारणीचा पंप हंगाम संपल्यावर पेट्रोलसकट ठेवला तर पुढच्या वर्षी कार्बोरेटर उघडावा लागतो, हे शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. आउटबोर्डसाठी या माणसांनी वेगळे शिकायचे ते एवढेच: इम्पेलर, गिअर, पंखा आणि पाण्यातली जुळणी. दोन-तीन दिवसांच्या प्रशिक्षणात बसेल एवढाच हा भाग आहे. जिल्ह्यात शासकीय आयटीआय आहेत, १९७२ मध्ये स्थापन झालेले वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, त्याचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अवजारे आणि इंजिने हाच ज्यांचा विषय, त्यांच्या कार्यशाळेत तालुक्यातली ओबीएम वर्षातून एकदा उघडली गेली तर विद्यार्थ्यांना खरे यंत्र मिळेल आणि प्रशासनाला खरी तपासणी. मात्र यात वेळ दवडण्यासारखा नाही. आरएक्स-१००चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, फवारणीचे पंप आता बॅटरीवर जात आहेत. ज्यांच्या कानाला टू-स्ट्रोकचा आवाज कळतो अशी माणसे वयस्क होत चालली आहेत. त्यांच्याकडून तरुण पोरांनी हे शिकून घ्यायचे असेल तर ते याच दशकात.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की, जुन्यावर खर्च करण्यापेक्षा नवी फोर-स्ट्रोक इंजिने घ्यावीत. ती कमी पेट्रोल पितात, कमी धूर सोडतात. प्रदूषणाचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. जुन्या कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा मोठा वाटा, चौथ्या हिश्श्याच्या आसपास, न जळताच बाहेर पडतो आणि तो पाण्यात जातो. म्हणूनच येलदरीवर उद्या पर्यटनाच्या बोटी रोज फिरवायच्या झाल्या, तर त्यांना जुने टू-स्ट्रोक लावू नये, असेच मी म्हणेन. पण वर्षाकाठी काही तास चालणाऱ्या बचावाच्या इंजिनाला रोजच्या इंजिनाचा न्याय लावणे बरोबर नाही. दुसरी गोष्ट वजनाची. पंधरा अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक छत्तीस-सदतीस किलोचे असते. त्याच ताकदीचे फोर-स्ट्रोक पन्नास किलोच्या घरात जाते. चिखलातून बांधापर्यंत इंजिन खांद्यावर न्यायचे असेल तर हा फरक छोटा नाही. तिसरी गोष्ट निर्णायक आहे: नवेपणा हा पडून राहण्यावरचा उपाय नाही. कार्बोरेटरवाल्या लहान फोर-स्ट्रोकचे जेट आणखी बारीक असतात, ते लवकर तुंबतात. इंजेक्शनवाल्या इंजिनाला चांगली बॅटरी आणि निदानाचे उपकरण लागू शकते, म्हणजे ते गावात उघडता येत नाही. आज घेतलेले नवे यंत्र तीन उन्हाळे पेट्रोलसकट पडले तर चौथ्या पावसाळ्यात तेही जुन्याच रांगेत उभे असेल. नवी इंजिने घ्यायला माझी हरकत नाही. देखभालीची व्यवस्था आधी उभी राहावी आणि खरेदी तिच्यामागून यावी, इतकेच.

सुट्या भागांची अडचण सांगितली जाते. ती काही प्रमाणात खरी आहे. १९०९ मध्ये ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकी कारागिराने आउटबोर्डचा धंदा उभा केला, आणि त्याच्या नावाची इंजिने २०२० मध्ये कायमची बंद झाली. म्हणजे एवढे मोठे नावही भागांचा पुरवठा कायम राहील याची हमी देऊ शकत नाही. पण झिजणाऱ्या वस्तू मोजक्या आहेत: प्लग, इम्पेलर, सील, वॉशर, पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या, पिना. जिल्ह्याने दरवर्षी एकाच वेळी, प्रत्येक इंजिनाच्या मॉडेलनुसार, या वस्तूंचा एक संच मागवून ठेवला तर ऐन पुरात शोधाशोध होणार नाही. इथे अडचण पैशाच्या रकमेपेक्षा पैशाच्या मांडणीत असते. खरेदी एकदाच होते आणि दिसते. देखभाल दरवर्षी लागते आणि दिसत नाही. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणावर पूर्वतयारीची जबाबदारी टाकली आहे. चालत्या इंजिनाशिवाय पूर्वतयारी झाली असे म्हणता येत नाही, म्हणून या खर्चाला जिल्हा आराखड्यात स्वतःची ओळ असावी. अधिकृत सेवा केंद्राबाहेर काम करून घेतल्यावर हमी जाते, अशी भीती कोणी घालील, पण दहा-पंधरा वर्षांच्या यंत्राची हमी केव्हाच संपलेली आहे. जबाबदारी निश्चित करायची असेल तर ज्याने इंजिन उघडले त्याची सही, तारीख, दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि बदललेले भाग एका वहीत लिहून घ्यावेत.

जुने यंत्र धोकादायक आहे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली आणि गावातली माणसे बुडाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. वाचवायला आलेले साधनच जीव घेऊ शकते, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले. म्हणूनच प्रत्येक जुने इंजिन वाचवायचेच, असा माझा हट्ट नाही. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांहून बराच फरक, तडा गेलेला ब्लॉक, फळीला पकडणारा, गंजाने खाल्लेला शिकंजा, सैल झालेले स्टिअरिंग, यांपैकी काहीही आढळले तर ते इंजिन यादीतून काढून त्याचे भाग दुसऱ्यासाठी ठेवावेत. यादी लहान झाली तरी चालेल. चार न चालणाऱ्या बोटींपेक्षा दोन चालत्या बोटी गावाला जास्त उपयोगी, आणि आकडा मोठा दिसावा म्हणून मेलेले इंजिन यादीत ठेवणे ही तर त्या आकड्यावर विसंबणाऱ्या तहसीलदाराची फसवणूक आहे. प्रत्येक बोटीत वल्ही असावीत, क्षमता बाहेरून ठळक रंगवलेली असावी आणि चालकाच्या मनगटाची दोरी प्रत्यक्ष बांधलेली असावी.

शेवटी माणसांचा प्रश्न उरतो. येलदरीसारख्या जलाशयांवर आणि गोदावरीच्या डोहांत जाळी टाकणाऱ्या भोई समाजातल्या लोकांना पाणी वाचता येते: धार कुठे वळते, भोवरा कुठे असतो, बुडालेला बांध पाण्यावर कसा उमटतो. यातले पुष्कळ जण अजून वल्ह्यावर किंवा तराफ्यावर काम करतात. तासभर वल्हवणाऱ्या धडधाकट माणसाची ताकद अश्वशक्तीच्या आठव्या-दहाव्या भागाहून फारशी जास्त नसते. पुराच्या धारेविरुद्ध माणसांनी भरलेली बोट न्यायला ती पुरत नाही. पाण्याची जाण त्यांच्याकडे आहे, ताकद गोदामातल्या यंत्रात आहे, आणि या दोघांची भेट आज ऐन पुरातच होते. तालुक्यातली इंजिने देखभालीच्या करारावर मच्छीमारांच्या संस्थांकडे किंवा गावच्या प्रशिक्षित पथकाकडे ठरावीक दिवशी चालवायला द्यावीत. सरकारी इंजिनावर खासगी मासेमारी होईल, अशी शंका घेतली जाईल. ठरलेल्या तासांपुरते, मोजून दिलेल्या पेट्रोलवर ते चालले तर त्यात गमावण्यासारखे फारसे नाही, कारण चालणे हीच त्याची देखभाल आहे. पावसाळ्यानंतर एकदा गाळ धुऊन, मग हिवाळ्यात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि मे महिन्यात भार लावून, अशा चार चाचण्या झाल्या तरी बहुतेक बिघाड पुराच्या आधीच उघडे पडतील. त्या चाचण्यांना येणाऱ्या मेकॅनिकला आणि चालकाला त्या दिवसाची मजुरी मिळावी, पुरात उतरणाऱ्या प्रत्येकाचा विमा जिल्ह्याने उतरवावा, आणि हे मे महिन्याच्या बैठकीत ठरवण्याऐवजी आदल्या नोव्हेंबरातच, गोदावरी ओसरल्यावर, ठरवून टाकावे.